धर्मगुरू लमेत्र आणि विश्वाचा आरंभ

धर्म आणि विज्ञान यांच्या कलहाची गोष्ट निघाली की सुशिक्षित माणसाच्या ओठांवर पहिले नाव येते ते गॅलिलिओचे. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायासनापुढे गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे मत आपण टाकून दिले आहे अशी शपथ घेणारा तो वृद्ध ज्योतिर्विद एकदा डोळ्यांसमोर उभा राहिला, की पुढे काही ऐकण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. धर्मपीठाने आज्ञा करावी आणि शास्त्रज्ञाने मान खाली घालावी, एवढाच या दोहोंचा संबंध, असा समज मग सहज रूढ होतो. परंतु त्यानंतर तीनशे अठरा वर्षांनी त्याच रोममध्ये असा एक प्रसंग घडला की, त्यात सारी पात्रे उलट्या जागी उभी होती. पोप एका नव्या वैज्ञानिक सिद्धांताचे मोकळ्या मनाने स्वागत करीत होते. आणि त्या सिद्धांताचा जनक, जो स्वतः दीक्षा घेतलेला धर्मगुरू होता, तो त्या स्वागतानेच अस्वस्थ झाला होता.

त्या धर्मगुरूचे नाव जॉर्ज लमेत्र. विश्व एका अत्यंत घन अवस्थेतून उमलत आले आणि अद्याप विस्तारत आहे, ही आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असलेली कल्पना मूळ त्यांची. तिच्या शोधाइतकाच तिचा गैरवापर होऊ नये म्हणून त्यांनी दाखविलेला विवेक महत्त्वाचा आहे. आणि तो विवेक त्यांना विज्ञानाने जितका शिकविला, तितकाच त्यांच्या धर्मशास्त्रानेही शिकविला, हे ध्यानात घेतल्यावाचून या गोष्टीचे मर्म कळत नाही.

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ या गावी झाला. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा आणि काचेच्या कारखान्यांचा. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिक्षण झाल्यावर १९११ मध्ये ते लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले आणि या विद्यार्थ्याने पुस्तके मिटून सैन्यात नाव घातले. चार वर्षांच्या त्या भीषण युद्धात खंदकांत बसून ते प्वाँकारे यांचे ग्रंथ वाचीत, असे सांगतात. युद्ध संपले तेव्हा त्यांच्या छातीवर शौर्यपदक होते; पण अभियंता होण्याची इच्छा मात्र मावळली होती. १९२० मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी ते मेखेलन येथील धर्मविद्यालयात दाखल झाले. २२ सप्टेंबर १९२३ रोजी कार्डिनल मर्सिये यांच्या हस्ते त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

धर्मविद्यालयातील त्या दिवसांत तरुण लमेत्र यांनी एक निबंध लिहिला होता. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात परमेश्वराच्या मुखी घातलेल्या पहिल्या तीन आज्ञांचा अर्थ पदार्थविज्ञानाच्या आधारे लावण्याचा तो प्रयत्न होता. प्रकाशाची उत्पत्ती, पाण्याचे विभाजन, कोरड्या भूमीचा उदय या वचनांमागे भौतिक सिद्धांत दडलेले असले पाहिजेत, अशी त्यांची त्या वेळी श्रद्धा होती. प्राचीन धर्मग्रंथांत आधुनिक शास्त्रे शोधण्याचा हा मोह कोणत्याही एका धर्माच्या वाट्यास आलेला नाही. आपल्याकडील वाचकांसही तो पुरेसा परिचित आहे. लमेत्र यांची थोरवी अशी की, या मोहाचा अनुभव घेऊन ते त्यातून बाहेर पडले. धर्मग्रंथ मोक्षाचा मार्ग सांगण्यासाठी आहे, आकाशाचे गणित शिकविण्यासाठी नव्हे, या निश्चयावर ते आले आणि अखेरपर्यंत त्यावरून ढळले नाहीत.

हा निश्चय काही अधार्मिक बंडखोरी नव्हती. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या परंपरेतच त्याला जुना आधार होता. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’च्या पुस्तकावर भाष्य करताना स्वधर्मीयांना स्पष्ट बजाविले होते की, पृथ्वी, आकाश, तारे यांविषयी धर्मग्रंथाचा हवाला देऊन वेडेवाकडे बोलू नका, जाणता परधर्मीय ते ऐकून हसेल आणि जे धर्माने खरोखरच सांगितले आहे त्यावरचाही त्याचा विश्वास उडेल. गॅलिलिओने १६१५ मध्ये आपल्या बचावार्थ लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात ऑगस्टीन यांचाच आधार घेतला होता.

दुसरा आधार अधिक सूक्ष्म आहे. तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा होता. विश्व अनादी आहे असे ॲरिस्टॉटलचे मत; विश्वाला आरंभ आहे अशी ख्रिस्ती श्रद्धा. मग विश्वाचा आरंभ तर्काने सिद्ध करून ॲरिस्टॉटलचे खंडन करता येईल काय? थॉमस यांनी उत्तर दिले की, येणार नाही. विश्वाला आरंभ आहे ही गोष्ट श्रद्धेने स्वीकारावयाची आहे. केवळ बुद्धीच्या बळावर ती सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, निर्मिती म्हणजे आरंभ नव्हे. एखादे पाऊल अनादी काळापासून धुळीत रोवलेले आहे अशी कल्पना केली, तर त्याखालचा ठसाही अनादीच असेल. तरीही तो ठसा पावलानेच उमटविलेला आहे यात शंका उरत नाही. ऑगस्टीन यांनी नोंदविलेला हा दृष्टांत थॉमस यांनीही आपल्या विवेचनात घेतला. तात्पर्य, विश्व परमेश्वरावर अवलंबून आहे हा एक विचार आणि विश्व अमुक काळी सुरू झाले हा दुसरा विचार. पहिला धर्मशास्त्राचा, दुसरा कालगणनेचा. लमेत्र यांना दीक्षा देणारे कार्डिनल मर्सिये हे थॉमस यांच्या तत्त्वज्ञानाचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांतील अग्रणी होते, आणि लमेत्र यांनी लूव्हाँ येथे या तत्त्वज्ञानाचा रीतसर अभ्यास केलेला होता.

दीक्षेनंतर धर्मगुरूचा काळा झगा घालूनच लमेत्र केंब्रिजला एडिंग्टन यांच्यापाशी आणि तेथून अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत शॅप्ली यांच्यापाशी गेले. आइनस्टाइन यांच्या सापेक्षतावादाने त्या काळी सर्व गणितज्ञांना झपाटले होते. त्याच सुमारास दुर्बिणीतून एक विलक्षण गोष्ट निदर्शनास येत होती. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर जसा उतरतो, तसा बहुतेक तेजोमेघांचा प्रकाश वर्णपटाच्या तांबड्या बाजूकडे सरकलेला दिसे. म्हणजे ते आपल्यापासून दूर पळत होते. हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र ताराविश्वे आहेत, हे हबल यांच्या वेधांवरून १९२५ च्या आरंभी ठरले.

या दोन गोष्टींची सांगड लमेत्र यांनी घातली. १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच नियतकालिकात त्यांनी निबंध छापला. ताराविश्वे अवकाशातून धावत नाहीत, तर अवकाशच ताणले जात आहे, असा त्याचा आशय. रबरी फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवावा. कोणताही ठिपका जागचा हलत नाही, तरी प्रत्येक ठिपक्यापासून बाकीचे दूर जातात, आणि जो अधिक दूर तो अधिक वेगाने जातो, तसाच हा प्रकार. उपलब्ध वेधांवरून त्यांनी या विस्ताराचे मानही काढले: दर साडेबत्तीस लक्ष प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. आजचे मान सुमारे ७० आहे. चूक त्यांच्या गणितात नव्हती, तर त्या काळी ताराविश्वांची अंतरे फार कमी धरली गेली होती. हबल यांचा याच नियमाविषयीचा विख्यात निबंध १९२९ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनंतर, प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२७ च्या या निबंधात विश्वाला आरंभच नाही. अनंत भूतकाळात स्थिर असलेले विश्व हळूहळू विस्तारू लागले, असे त्यात मानले आहे. पाद्र्याने आपला निर्मितीचा सिद्धांत गणिताच्या वेषात पुढे आणला, असा जो आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला, त्याला हा निबंधच उत्तर देतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रुसेल्स येथे सॉल्व्हे परिषद भरली. लिओपोल्ड उद्यानात फिरता फिरता लमेत्र यांनी आइनस्टाइन यांना आपला सिद्धांत ऐकविला. आइनस्टाइन यांनी गणित निर्दोष असल्याचे मान्य केले. मात्र पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही कल्पना त्यांना अगदी त्याज्य वाटली. रशियन गणितज्ञ फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये अशाच स्वरूपाची समीकरणे मांडली होती, ही माहिती लमेत्र यांना त्याच भेटीत प्रथम मिळाली. पुढे १९५७ मध्ये बेल्जियमच्या नभोवाणीवरून लमेत्र यांनी आइनस्टाइन यांच्या आठवणी सांगितल्या, तेव्हा या भेटीचाही वृत्तान्त दिला. त्यात कटुतेचा लवलेश नव्हता.

१९३१ च्या आरंभी एडिंग्टन यांनी असे लिहिले की, निसर्गाच्या या व्यवस्थेला एकाएकी आरंभ झाला ही कल्पना आपल्या मनाला पटत नाही. एडिंग्टन हे श्रद्धावान क्वेकर होते, म्हणजे आरंभाची कल्पना एका आस्तिकालाच नकोशी झाली होती. लमेत्र यांनी ९ मे १९३१ च्या ‘नेचर’मध्ये जेमतेम साडेचारशे शब्दांच्या पत्राने तिला उत्तर दिले. पुंजवादाप्रमाणे ऊर्जा ठरावीक पुंजांत वाटलेली असते आणि कालौघात त्या पुंजांची संख्या वाढत जाते. मग प्रवाहाच्या उलट दिशेने उगमाकडे जावे, तसे काळात मागे गेल्यास पुंज कमी कमी होत जातील आणि शेवटी सारे विश्व एकाच पुंजात सामावलेले आढळेल. त्या ठिकाणी ‘अवकाश’ आणि ‘काळ’ या शब्दांनाच अर्थ राहणार नाही. या मूळ पुंजाची तुलना त्यांनी एका महाप्रचंड किरणोत्सर्गी परमाणूशी केली. तो फुटत फुटत आजचे विश्व झाले. हाच तो पुढे गाजलेला ‘आद्य परमाणू’.

त्या पत्राची टंकलिखित प्रत लमेत्र यांच्या कागदपत्रांत जपून ठेवलेली आहे. तिच्या शेवटी आणखी एक परिच्छेद आहे, आणि तो त्यांनी खोडलेला आहे. परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे असे मानणाऱ्या आस्तिकाला, आजचे पदार्थविज्ञानही निर्मितीवर पडदाच घालते हे पाहून समाधान वाटेल, अशा आशयाची ती वाक्ये आहेत. वाक्ये भक्तीची होती आणि लिहिणाऱ्याच्या मनातील होती. परंतु विज्ञानाच्या पत्रात त्यांना जागा नाही असे ठरवून त्याने स्वतःच्या हाताने त्यांवर रेघ ओढली. विशेष हे की, खोडलेल्या मजकुरातही विज्ञान परमेश्वराला उघडे करून दाखविते असा दावा नव्हता. उलट ते त्याला झाकते, असेच म्हटले होते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील गुप्त परमेश्वराची कल्पना लमेत्र यांच्या भक्तीचा गाभा होती.

अमेरिकेत १९३३ च्या प्रवासात वृत्तपत्रांनी त्यांची मोठी प्रसिद्धी केली. झगा घातलेला पाद्री आइनस्टाइन यांच्या शेजारी उभा, हे छायाचित्र कोणाला नको होते? धर्म आणि विज्ञान यांचा मेळ कसा घालता, असा प्रश्न येई. सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि आपण दोन्हींवरून चालण्याचे ठरविले, असे त्यांचे सांगणे असे. या दोन वाटा एकमेकींत घुसडण्याचे कारण त्यांना दिसत नसे. सापेक्षतावादात काही चुकले तर ते गणिताने सुधारावे, त्यासाठी धर्मग्रंथ उघडावा लागत नाही.

१९४८ मध्ये केंब्रिजच्या हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी प्रतिस्पर्धी सिद्धांत मांडला: विश्व विस्तारते खरे, पण नवे द्रव्य सतत जन्मास येत असल्याने त्याचे रूप सदैव सारखेच राहते, त्याला आरंभ नाही, अंतही नाही. २८ मार्च १९४९ रोजी बी.बी.सी.च्या नभोवाणीवरील भाषणात हॉइल यांनी लमेत्र-पंथीय कल्पनेला ‘बिग बँग’ असे नाव दिले, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. मराठीत आज त्याला महास्फोट म्हणतात. या वादाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी झाले, पुढे पुण्यात ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक झाले, आणि २०२५ मध्ये निधन होईपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांताकडे चिकित्सक दृष्टीनेच पाहत राहिले. हॉइल यांच्या आक्षेपांत शास्त्रीय मुद्दे होतेच. परंतु विश्वाला आरंभ मानणे म्हणजे मागच्या दाराने धर्माला आत घेणे, असा संशयही त्यांत डोकावत असे.

अशा वातावरणात २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी पोंटिफिकल अकॅडमी या विज्ञानसंस्थेपुढे भाषण केले. लमेत्र १९३६ पासून या संस्थेचे सदस्य होते. पोप विद्याव्यासंगी होते आणि विज्ञानाची प्रगती त्यांनी आस्थेने अभ्यासिली होती. विज्ञानाचे हे निष्कर्ष म्हणजे निर्मितीचा निर्विवाद पुरावा नव्हे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. तथापि भाषणाचा एकंदर ओघ निराळा होता. प्रथम प्रकाश प्रकट झाला त्या क्षणाला आधुनिक विज्ञान जणू साक्ष देत आहे, विश्व काळात निर्माण झाले, म्हणून निर्माता आहे, असा तो ओघ होता. वृत्तपत्रांनी पुस्ती गाळली आणि ओघ तेवढा उचलला. विज्ञानाने परमेश्वर सिद्ध केला, अशी हाकाटी झाली.

लमेत्र यांच्यापुढील पेच विलक्षण होता. ते कॅथलिक धर्मगुरू, आज्ञापालनाला बांधलेले. भाषणात त्यांचे नाव नसले तरी त्यांच्याच सिद्धांताचा गौरव झालेला. गप्प बसते तर कोणी दोष दिला नसता. उलट सन्मानच वाढला असता. पण गप्प बसण्यात दोन धोके होते. पहिला विज्ञानाचा: ज्या कल्पनेची अजून वेधांनी पुरती पारख व्हावयाची होती, ती धर्ममत म्हणून ओळखली गेली असती आणि विरोधकांचा संशय खरा ठरला असता. दुसरा धर्माचा: आज ज्या सिद्धांतावर श्रद्धेचा कळस चढवावा, तो उद्या ढासळला तर कळसाचे काय? विश्वाच्या विस्ताराच्या तत्कालीन मानावरून त्याचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षेच निघत होते, आणि पृथ्वीवरील काही खडक त्याहून जुने ठरत होते. आईपेक्षा मुलगी वडील, असा हा प्रकार. इतक्या कच्च्या पायावर परमेश्वराचे अस्तित्व उभे करणे लमेत्र यांच्या धर्मबुद्धीलाच मानवणारे नव्हते.

त्यांनी जाहीर निषेध केला नाही, वृत्तपत्रांत पत्र लिहिले नाही. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका विज्ञान परिषदेस जाताना ते रोमला थांबले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओ’कॉनेल यांच्याशी या विषयावर त्यांनी बोलणे केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अधिवेशन रोम येथे भरावयाचे होते आणि पोप जगभरच्या ज्योतिर्विदांपुढे बोलणार होते. ७ सप्टेंबर १९५२ रोजी ते बोलले. खगोलशास्त्राच्या थोर कामगिरीचा त्यांनी गौरव केला. मात्र विश्वाचा आरंभ आणि परमेश्वराची निर्मिती यांची जोड घालणारा आदल्या वर्षीचा सूर त्या भाषणात नव्हता. तो पुढेही पुन्हा उमटला नाही.

आणि योगायोग असा की, रोमच्या त्याच अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी, ताराविश्वांची अंतरे आजवर मानली त्याच्या सुमारे दुप्पट आहेत, असे जाहीर केले. एका दिवसात विश्वाचे वय दुप्पट झाले! पुढेही ते वाढत गेले. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. धर्मसिद्धान्त त्या पहिल्या आकड्याला जखडला असता तर काय प्रसंग ओढवला असता, हे निराळे सांगावयास नको.

१९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत लमेत्र यांनी आपली भूमिका पुन्हा निःसंदिग्ध शब्दांत मांडली. आद्य परमाणूचा सिद्धांत धार्मिक किंवा आध्यात्मिक प्रश्नाच्या पूर्णपणे बाहेर आहे. जडवादी माणूस तो मानूनही परमेश्वर नाकारू शकतो आणि आस्तिकाला त्यातून परमेश्वराशी सलगी करण्याची संधी मिळत नाही, असा त्याचा आशय. हॉइल आणि पोप ही दोन टोके. एकाला आरंभ नको होता, दुसऱ्यांना तो हवा होता. पण दोघांची समजूत एकच: भौतिक आरंभ म्हणजेच परमेश्वरी निर्मिती. लमेत्र यांनी नाकारली ती ही समजूत, आणि तिचे खंडन थॉमस यांनी सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. धर्मशास्त्राचा कच्चा अभ्यास विज्ञानात ढवळाढवळ करतो. पक्का अभ्यास त्याला मोकळे सोडतो, हे या धर्मगुरूच्या आचरणातून दिसून आले.

वैज्ञानिक म्हणून त्यांचेही अंदाज चुकले. आद्य स्फोटाचे अवशेष विश्वकिरणांत सापडतील अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. परंतु अवशेष असले पाहिजेत ही मूळ कल्पना खरी निघाली. १९६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या आकाशकानी सर्व दिशांनी येणारा एक मंद, सारखा रेडिओ-गुंजारव टिपला. विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेची ती उरलेली ऊब होती. लमेत्र तेव्हा आजारी होते. त्यांचे जुने सहकारी ओडाँ गोदार यांनी ही वार्ता त्यांना कळविली. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६० पासून ते पोंटिफिकल अकॅडमीचे अध्यक्ष होते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या सदस्यांनी बहुमताने ठरविले की, विश्वविस्ताराचा नियम यापुढे हबल-लमेत्र नियम म्हणून ओळखला जावा.

१९३१ च्या पत्राचा खरा इंग्रजी मजकूर ग्रंथालयांत कोणासही वाचावयास मिळतो. त्याखालचा तो खोडलेला परिच्छेद मात्र अनेक वर्षे कागदपत्रांतच राहिला. धर्मावरील निष्ठा आणि विज्ञानावरील निष्ठा एकाच माणसात किती प्रामाणिकपणे नांदू शकतात, याची साक्ष छापलेल्या ओळींइतकीच ती खोडलेली ओळ देते.